ज्यांची प्रार्थना ‘पूर्ण झाली नाही’ त्यांनाही माईक द्या

मा. संपादक साहेब, जय ख्रिस्त.

५ एप्रिलला पंडिता रमाबाईंची पुण्यतिथी असते, त्यावरून हे पत्र लिहितेय. आमच्या ख्रिस्ती समाजातले बरेच जण तुमचा पेपर वाचतात म्हणून इथेच लिहावंसं वाटलं.

आमच्याकडे उपासनेत साक्ष द्यायची पद्धत आहे, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांपुढे उभं राहून सांगायचं. चांगलीच पद्धत आहे, मी लहानपणापासून ऐकत आलेय. पण हल्ली साक्ष म्हटलं की नोकरी लागली, व्हिसा आला, मुलाला मेडिकलला ॲडमिशन मिळाली, रिपोर्ट नॉर्मल आला, एवढंच. त्याचा आनंद मलाही होतो, पण तरुण पोरांना वाटायला लागलंय की देवावर भरवसा ठेवला की काम होतंच, आणि नाही झालं तर आपलाच विश्वास कमी पडला. हे फार घातक आहे हो.

रमाबाईंचं बघा. आई, वडील, बहीण दुष्काळात उपासमारीने गेले, पुढे नवरा लग्नानंतर दोन वर्षांच्या आत गेला, पदरात लहान मनोरमा. तरी १८९६-९७ च्या दुष्काळात ह्या बाई मध्य प्रांतात गेल्या आणि तिथून उपाशी, अनाथ मुली, बाल-विधवा घेऊन आल्या, एकदोन नाही, शेकडो. अमेरिकेतल्या बोस्टनच्या मंडळाने त्यांच्या कामाला दहा वर्षं मदत करायचं कबूल केलेलं, ती मुदत संपत आलेली, पुढचे पैसे कुठून येणार ह्याचा पत्ता नाही आणि पुण्यात प्लेग. मग केडगावला (आमच्या नगरजवळचं नाही, दौंडकडचं) शेतजमिनीवर मुलींना नेलं आणि तिथेच मुक्ती मिशन, म्हणजे त्यांचा आश्रम, उभं राहिलं. गुडघ्यावर प्रार्थना करायच्या आणि उठून विहिरी खोदायच्या, शेती, विणकाम, छापखाना, सगळं मुलींना शिकवायच्या. भरवसा म्हणजे हात जोडून बसणं असं त्यांना कधी वाटलंच नाही.

आणि शेवट काय झाला? ज्या लेकीने पुढे सगळं सांभाळायचं ती मनोरमा १९२१ ला आईच्या आधी गेली. म्हातारपण, तब्येत खालावलेली, तरी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर चाललंच होतं, ते काम हातावेगळं केलं आणि १९२२ ला त्या गेल्या. त्यांनी लेकीसाठी प्रार्थना केली नसेल का? मग त्यांचा विश्वास कमी होता म्हणायचं का?

बायबलमधल्या दानीएलाच्या पुस्तकात शद्रख, मेशख, अबेद्नगो हे तिघं आहेत. मूर्तीपुढे वाकत नाहीत म्हणून राजा त्यांना पेटत्या भट्टीत टाकायला निघतो, तेव्हा ते राजाला म्हणतात की आमचा देव आम्हाला भट्टीतून सोडवायला समर्थ आहे, आणि नाही सोडवलं तरी तुझ्या मूर्तीपुढे आम्ही वाकणार नाही. आपण पहिलं अर्धं वाक्य फ्रेम करून भिंतीवर लावतो, दुसरं कोणी लावत नाही. माझ्या मते खरं धाडस त्या दुसऱ्या अर्ध्यातच आहे.

आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) एक ताई आहेत. एका ठिकाणी स्टोअरला होत्या, न आलेला माल आला म्हणून रजिस्टरवर सही करायला सांगितली, त्यांनी नाही म्हटलं. महिन्याभरात कामावरून काढलं. घरी सासूबाई अंथरुणावर, मुलगी दहावीला. आता पहाटे उठून डबे करतात, चपात्या लाटता लाटता गाणी म्हणतात, आणि रविवारी दानाची थैली पुढे आली की पदराच्या गाठीतून काढून टाकतात, चुकवत नाहीत. नोकरी परत मिळाली नाही आणि मिळेल असंही दिसत नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, “सही केली असती तर प्रार्थनेला तोंड उघडलं नसतं गं माझं.” ह्या बाईंना आजपर्यंत कोणी साक्ष द्यायला पुढे बोलावलेलं नाही, कारण सांगण्यासारखं काही ‘झालं’ नाही ना!

म्हणून सगळ्या पाळक साहेबांना (पास्टरांना) आणि चर्चच्या पंच कमिटीला हात जोडून विनंती आहे, महिन्यातला एक रविवार अशा लोकांसाठी ठेवा. ज्यांचं पेशंट वाचलं नाही, ज्यांची केस हरली, खरं बोलल्याने ज्यांचं नुकसान झालं आणि तरी जे देवाला धरून आहेत, त्यांना बोलू द्या, आणि समोर आपली दहावी-बारावीची पोरं बसवा.

– एक वाचक, अहिल्यानगर