प्लॉटचा भाव कळव

एडिसन, न्यू जर्सी
मार्च २०११

प्रिय सुध्या,

इतक्या दिवसांत पत्र नाही म्हणून शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत ठीक, बीपीची गोळी चालू आहे.

घर गेलं. ऑक्टोबरात, कर्जापायी, शेरीफच्या म्हणजे इथल्या सरकारी अधिकाऱ्याच्या लिलावात. आईला सांगितलेलं नाही, तूही बोलू नकोस. त्याचं रडून झालं; आता रिटर्न भरायचाय आणि खरी गंमत तिथेच आहे. घर ४,३५,००० डॉलरना घेतलेलं, बँकेने किंमत धरली ३,४०,०००. हा तोटा राहत्या घरातला, म्हणून करात वजावट शून्य. पण कर्ज होतं ४,१०,०००. वरचे ७०,००० बँकेने सोडले, तर ते म्हणे माझं उत्पन्न! खिशात दमडी नाही आणि फॉर्म १०९९-सी वर, म्हणजे माफ झालेल्या कर्जाच्या कागदावर, सत्तर हजारांची कमाई. गणिताच्या मास्तरांनी मला उगाच छड्या मारल्या रे.

२००७ च्या कायद्याने राहत्या घराचं माफ झालेलं कर्ज सुटतं, पण घर घ्यायला किंवा सुधारायला वापरलेलं तेवढंच. मधे रीफायनान्स करून, म्हणजे घरावर नवं मोठं कर्ज घेऊन, ४०,००० काढले होते, ते कुठे गेले हे तुला सांगायला नको. हॉस्पिटलच्या काउंटरवर तूच उभा होतास. माफ झालेल्या सत्तरांत हे न सुटणारे चाळीस आधी मोजतात. म्हणजे सुटले फक्त तीस.

उरलेल्या चाळिसांना एकच वाट: फॉर्म ९८२ भरून दाखवायचं की कर्ज माफ होण्याआधी मी नादार होतो, म्हणजे मालमत्तेपेक्षा देणं जास्त. देणं क्रेडिट कार्डांसकट ४,४०,०००. मालमत्तेत घर, गाडी, फोर-ओ-वन-के (आपल्या पीएफसारखं), भांडीकुंडीसुद्धा, सगळं मिळून ३,९३,०००. सत्तेचाळीस हजारांनी नादार! सुटलो म्हणेपर्यंत सीपीए, म्हणजे इथला सीए, विचारतो, "भारतात काही?"

आपला मिरज रोडचा प्लॉट, सुध्या! तू विकू म्हणालास आणि मी वहिनींसमोर तुझी अक्कल काढली, तोच. अर्धा माझा. माझ्या वाट्याचे नऊ लाख धरले तर पंचेचाळीसच्या भावाने २०,००० डॉलर. नादारी उरली सत्तावीसची, सुटणार तेवढेच, म्हणजे चाळिसांतल्या १३,००० वर कर. ज्या प्लॉटचा भाव मी जन्मभर फुगवून सांगितला, तो पडावा म्हणून आता देव पाण्यात घालून बसलोय. हस लेका.

मंजू म्हणते, सांगलीला कोण येतंय बघायला? पण खोटं लिहिलं तर शिक्षा, असं सहीच्या वरच छापलेलं असतं. शिवाय ग्रीन कार्ड अजून व्हायचंय.

तर सरकारमान्य व्हॅल्युअरकडून ऑक्टोबरचा बाजारभाव लेखी घे. रेडी रेकनरचा सरकारी दर नको. मात्र त्याला रस्त्याची अवस्था नीट दाखव, आणि २००५ च्या पुरात तिथे किती पाणी होतं तेही सांग. तेव्हा मी फोनवर "घोट्याएवढंच" म्हणत होतो, ते विसर.

पिंकीची दहावी ना यंदा? तिला शुभेच्छा. दुकान हलवलंस का? वहिनींना नमस्कार.

इथली मुदत या वर्षी १८ एप्रिल आहे, तेव्हा कागद महिनाअखेर ईमेल कर. फी तू भर, प्लॉट विकला की वळती करून घे. हो, विकू. जिंकलास.

तुझा,
बाळ्या