शाळांना पुन्हा कुलूप नको

करोनामुळे बंद केलेल्या राज्यातील शाळा २४ जानेवारी २०२२ पासून पुन्हा सुरू होणार, ही बातमी वाचून जीव भांड्यात पडला. माझी मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीत आहे. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा ती दुसरीत होती. १ डिसेंबर २०२१ ला पहिलीपासूनचे वर्ग उघडले आणि महिना-सव्वा महिन्यातच पुन्हा कुलूप लागले. घरात मोबाइल एकच, तोही मी कामावरून परतल्यावर तिच्या हाती यायचा. परवा तिला वाचायला बसवले. ‘प्रकाश’ या शब्दावर बोट ठेवून ती कितीतरी वेळ गप्प राहिली. दुसरीत हीच पोर धडा घडाघडा वाचत होती.

शाळा सुरू ठेवायची की नाही, हा निर्णय आता स्थानिक प्रशासनाकडे आहे. कळकळीची विनंती आहे, की एखादा रुग्ण सापडला म्हणून अख्खी शाळा बंद करू नये. तेवढाच वर्ग काही दिवस घरी ठेवावा. विषाणू हवेतून पसरतो, मग बाकांवर फवारणी करत बसण्यापेक्षा खिडक्या उघड्या ठेवा. आमच्या शाळेच्या दोन खिडक्या गंजून घट्ट बसल्या आहेत, त्या आम्ही पालक सोडवून देऊ. वर्ग व्हरांड्यात, पटांगणातल्या झाडाखालीही भरतो. सर्दी-तापाचे मूल घरी ठेवणे ही आमची जबाबदारी. १५ वर्षांवरील मुलांना ३ जानेवारी २०२२ पासून लस मिळू लागली. लहानांची लस येईपर्यंत थांबायचे म्हटले, तर हिची पाचवीही अशीच जाईल.

– एक पालक, ता. पाटण, जि. सातारा