घरातल्या फ्यूजबॉक्सच्या कामाविषयी मित्रास पत्र

कर्वेनगर, पुणे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

कोथरूडच्या जुन्या फ्लॅटमधला किटकॅट फ्यूजांचा (चिनी मातीच्या, तार घालायच्या जुन्या फ्यूजांचा) लाकडी बोर्ड काढून तिथे एमसीबीचा, म्हणजे जास्त प्रवाह वाहिला की आपोआप पडणाऱ्या खटक्यांचा, नवा बॉक्स बसवायचे तू ठरवलेस, हे वाचून बरे वाटले. मात्र गिझर आणि ओव्हन एकदम लावले तरी एमसीबी पडू नये म्हणून वायरमन तिथे सरळ ३२ अँपिअरचा एमसीबी टाकणार आहे, हे वाचल्यावर लगेच उत्तर लिहायला घेतले. ते काम अजून झालेले नसेल तर आधी थांबव.

एमसीबी राखतो ती भिंतीत गाडलेली वायर. ३ किलोवॅटचा गिझर २३० व्होल्टवर साधारण १३ अँपिअर घेतो, आणि पाइपातून गेलेल्या अडीच चौरस एमएमच्या तांब्याच्या वायरीला वीस अँपिअरच्या आसपासचा भार सोसतो. त्याच वायरीवर ओव्हनही असेल तर १६ अँपिअरचा एमसीबी पडणारच, कारण ते त्याचे कामच आहे. त्या जागी ३२ चा बसवला की पडणे बंद होते, पण वायर तीच राहते. आणि ३२ चा एमसीबी ३६ अँपिअर तासभर वाहिले तरी पडेलच असे नाही. तेवढ्या वेळात आतली वायर तापते, तिचे आवरण कडक होऊन तडकते आणि बाहेरून काहीही दिसत नाही. यावर खरा उपाय एकच आहे, तो म्हणजे ओव्हनसाठी बॉक्सपासून स्वतंत्र वायर ओढणे. भिंत फोडावी लागेल आणि खर्चही होईल, पण तो टाळू नकोस.

हे इतक्या कळकळीने लिहितो आहे, कारण आमच्या घरी हेच घडले. ज्या ठेकेदाराने बॉक्स बसवला त्याचे काम बाहेरून फार देखणे होते, प्रत्येक एमसीबीखाली नावाची पट्टीसुद्धा होती. पुढे गिझर चालू असताना बॉक्समधून जळका वास येऊ लागला, म्हणून शासनाचा परवाना असलेल्या दुसऱ्या ठेकेदाराला बोलावून झाकण उघडायला लावले. न्यूट्रल लिंकमधला, म्हणजे प्रवाह परत नेणाऱ्या सगळ्या न्यूट्रल वायरी जिथे जोडतात त्या पट्टीतला, एक स्क्रू अर्धवटच आवळलेला होता आणि त्याखाली तांब्याबरोबर वायरीचे आवरणही चिमटले गेले होते. अशा ढिल्या सांध्याचा अवरोध वाढतो आणि सगळी उष्णता त्या एका बिंदूवर साचते. एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही, कारण प्रवाह मर्यादेतच असतो. तिथले प्लास्टिक तपकिरी पडून वितळू लागले होते.

त्याहून मोठा धक्का आरसीसीबीचा होता. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तेवढाच परत आला नाही, म्हणजे कुठेतरी, कदाचित माणसाच्या अंगातून, गळतो आहे, हे ओळखून ते उपकरण पुरवठा तोडते. घरात ३० मिलिअँपिअरचे लावतात. आमच्या बॉक्समध्ये ते होते, त्याचे चाचणीचे बटण दाबले की खटका खाली पडायचाही, पण घरातले दिवे चालूच राहायचे! एका खोलीचा न्यूट्रल दुसरीकडे जोडला गेल्यामुळे ते सतत पडत असणार, आणि चूक शोधण्याऐवजी त्या माणसाने सगळा भार ते उपकरण वगळून परस्पर ‘डायरेक्ट’ करून टाकला होता. स्नानगृहात गिझर असलेल्या घरात आम्ही त्या खोट्या भरवशावर राहत होतो. त्याला बोलावून विचारले तेव्हा ‘काही होत नाही, सगळीकडे असेच करतात’ एवढेच उत्तर मिळाले. त्याचा राग मला अजूनही येतो. शेवटी सगळे न्यूट्रल वेगळे करून, वायरीच्या टोकांना लग (धातूची टोके) लावून आणि गिझरला १६ अँपिअरचा एमसीबी देऊन दुसऱ्या ठेकेदाराने ते काम नव्याने केले.

तुझ्या जुन्या बोर्डात न्यूट्रललाही फ्यूज असेल. तो उडाला की दिवे जातात, पण फेज जिवंतच राहते, म्हणून बोर्ड बदलेपर्यंत काकूंना त्याला हात लावू देऊ नकोस. मीटरपुढच्या वायरिंगची जबाबदारी महावितरणची नसून आपली असते, तेव्हा माणूस निवडताना त्याचा परवाना डोळ्यांनी पाहा. सामान तपकीर गल्लीतून आणणार असशील तर पक्के बिल घे. बनावट एमसीबी हुबेहूब दिसतात.

झाकण लावण्यापूर्वी बॉक्सच्या आतले स्पष्ट फोटो काढून मला पाठव. मुख्य स्विच बंद असताना प्रत्येक वायर तुझ्यासमोर ओढून पाहायला सांग. आरसीसीबीचे बटण दाबल्यावर त्याच्या पुढचे सगळे दिवे आणि प्लग बंद झाले पाहिजेत, एकही चालू राहता कामा नये. मेगरची, म्हणजे वायरीचे आवरण शाबूत आहे का ते मोजणाऱ्या यंत्राची, चाचणी ५०० व्होल्टवर करून घे. आकडा १ मेगाओहमच्या खाली आला तर दोष शोधावा लागेल, गरज पडल्यास वायर बदलावी लागेल. हे आकडे आणि अर्थिंगची नोंद सहीनिशी कागदावर मिळेपर्यंत शेवटची रक्कम देऊ नकोस. वायरमन घाई करू लागला तर मला फोन कर, मी कर्वेनगरहून लगेच येतो.

काकूंना नमस्कार, वहिनींना सप्रेम नमस्कार.

तुझाच