पाचट उचलून दाखवणाऱ्या सरांस

आदरणीय सर,

सादर नमस्कार.

ऊस तोडल्यावर शेतात राहणारा वाळलेला पाला, म्हणजे पाचट, जाळू नका असे सांगणारे मला पुष्कळ भेटले. न जाळलेल्या पाचटात खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून फुटणारे पुढचे पीक) पिवळा पडल्यावर पुन्हा बांधावर आलेले आपण एकटेच, म्हणून हे जाहीर आभार.

चूक माझीच होती. एक टन पाचटास ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि पाचट कुजवणारे १ किलो जिवाणू संवर्धक, असे प्रमाण आपण लिहून दिले होते. मी काटकसर म्हणून संवर्धक तेवढे टाकले आणि युरिया वगळला. फुटवे फिकट दिसू लागले, तेव्हा पुढच्या वर्षी सरळ काडी लावायची, असे मी घरी जाहीरही करून टाकले होते.

आपण रागावला नाहीत. सरीत उकिडवे बसून पाचटाचा थर उचललात, तर खाली काळसर, ओलसर भुगा आणि त्यात पांढऱ्या बुरशीचे धागे पसरलेले. पाचटात नत्राच्या (नायट्रोजन) मानाने कर्ब (कार्बन) फार असतो, त्यामुळे ते कुजवणारे जिवाणू स्वतःच्या वाढीसाठी मातीतले नत्र ओढतात आणि पिकाला ते काही काळ कमी पडते, हे आपण तिथेच समजावलेत. "माती उसने घेते आहे, परत करील," हे आपले शब्द. जाळले असते, तर बहुतेक नत्र आणि जवळपास सगळा कर्ब धुरावाटे गेला असता. राखेत राहिले असते ते मुख्यतः पालाश (पोटॅशियम) आणि थोडे स्फुरद (फॉस्फरस).

नत्र पुरवणारा तो राहिलेला युरिया दिल्यावर पाने हिरवी झाली. दोन पाण्यांमधले अंतर वाढले, खुरपणीही कमी झाली. पाणी सरीतून पुढे सरकत नाही, ही माझी तक्रार मात्र खरी होती, आणि एक आड एक सरीत पाचट ठेवण्याचा आपला तोडगा त्यावर लागू पडला.

आपल्या सांगण्यावरून तण, धसकटे आणि शेण यांचा कंपोस्ट खतासाठी जो ढीग रचला आहे, तो आतून इतका तापला आहे की हात ठेववत नाही. मूठभर घेऊन दाबले की दोन-चार थेंब येतात, म्हणजे ओल बेताची असावी. पहिली उलथापालथ येत्या आठवड्यात करणार आहे. जमल्यास त्या वेळी यावे.

आपला कृतज्ञ,
एक ऊस उत्पादक