हरिपूरचा नदीकाठ आहे तसाच राहू द्यावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सांगलीजवळच्या हरिपूरला संगमेश्वराचे दर्शन घेऊन, कृष्णा-वारणेचा संगम पाहून बहुतेक लोक माघारी फिरतात. काठाकाठाने पुढे गेले की गुरांच्या खुरांनी पडलेली पायवाट, करंज-बाभळीची झाडी आणि मध्येच उतरून चढावे लागणारे ओघळ एवढेच असते. तिथे मी कित्येक वर्षे गळ घेऊन जातो. मगरींचा वावर असल्याने आम्ही उंच दरडीवरच, पाण्यापासून अंतर राखून बसतो. मागच्या महिन्यात पुतण्याला नेले होते. गळाच्या दोरीला बांधलेली, पाण्यावर तरंगणारी मोरपिसाची काडी दोनदा थरथरली, मग सरळ बुडाली आणि त्याला पहिली चिलापी लागली. पाठीवरचे काटे उभारून तडफडणारा तो मासा डोक्याकडून हात मागे सरकवत कसा धरायचा, हे शिकण्यात त्याची निम्मी सकाळ गेली.

अशा काठांवर 'काहीच नाही' असे समजून सुशोभीकरणाची मागणी अधूनमधून होते, तिला माझा मनापासून विरोध आहे. या दरडींच्या मऊ मातीतच वेडे राघू आणि खंड्या हे पक्षी बिळे करतात, आणि मगरीची मादी उन्हाळ्याच्या तोंडाला काठावर खड्डा करून अंडी घालते. काठाच्या उतारावर दगड बसवून पिचिंग केले, की बिळाला माती उरत नाही. मगर मात्र सहसा नदी सोडून जात नाही, ती लोकांच्या पाणवठ्याकडे सरकण्याची भीती राहते. शिवाय २०१९ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाण्याने ५७ फुटांची पातळी ओलांडली होती, आणि २००५ व २०२१ चे पूरही आपण विसरलेलो नाही. जिथे नदी अशी पसरते, तिथे फरसबंद पदपथ, दिवे आणि गाळे उभारणे म्हणजे जनतेचा पैसा गाळात घालणे होय.

मगरींचा इशारा देणारे ठळक फलक आणि कचरा उचलण्याची नियमित व्यवस्था, एवढे मात्र तातडीने व्हावे. आम्हा गळकऱ्यांनाही एक विनंती आहे. तुटलेली तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, काठावर टाकू नये. गेल्या हिवाळ्यात एका पाणकावळ्याच्या दोन्ही पायांना ती इतकी आवळली होती की, आम्ही दोघांनी त्याला पंच्यात धरून नखे कापायच्या कात्रीने एकेक वेढा सोडवला, तेव्हा कुठे तो उडाला.

आपला,
एक वाचक, सांगली