रविवारची आहार बैठक : दोन दिवसांचा हिशेब लिहून आणा

सर्व सभासदांना नमस्कार. येत्या रविवारी सकाळी ८ वाजता धरमपेठेतल्या आपल्या सभागृहात रोजच्या आहारावर बैठक आहे. आहारतज्ज्ञ ताई वेळेवर सुरुवात करतील, तेव्हा उशीर नको.

• शुक्रवार-शनिवारी जे खाल ते सगळं लिहा, चहातली साखरसुद्धा. तेल चमच्याने मोजा. पिष्टमय पदार्थ आणि प्रथिनं ग्रॅममागे ४ कॅलरी देतात, तेल-तूप ९. तर्रीवर तरंगणारं मोठा चमचाभर तेल म्हणजे साधारण १२० कॅलरी! तर्री-पोहे सोडायला कोणी सांगत नाही, पण हिशेब कळायला हवा.

• वजन करून या. बैठं काम करणाऱ्या ६५ किलोच्या पुरुषाला दिवसाला सुमारे २११० कॅलरी, ५५ किलोच्या स्त्रीला १६६० लागतात. प्रथिनं किलोमागे ०.८३ ग्रॅम. घरात सगळ्यांचं झाल्यावर उरलेल्या वरणावर भागवणाऱ्या मैत्रिणींनी हा आकडा जरूर तपासावा.

• मधुमेह किंवा किडनीचा त्रास असेल तर रिपोर्ट आणा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय पथ्य बदलू नका.

येणाऱ्यांनी गुरुवारपर्यंत ग्रुपवर नाव टाकावं. सासूबाई, सुनबाई, कॉलेजातली मुलं, सगळ्यांना सोबत आणा.