जुन्या घरात आधी ओल, मग रंग

संपादक महोदय,

जुन्या घराच्या दुरुस्तीवर जे छापून येते त्यात रंग, फरशी आणि स्वयंपाकघराचा ओटा यांचेच कौतुक असते. हात आखडता असेल तर पैसा आधी छपरावर आणि पाण्याच्या निचऱ्यावर घालावा. रंग सगळ्यात शेवटी.

जुन्या दगडविटांच्या भिंती बहुधा चुन्यात किंवा मातीत बांधलेल्या असतात. त्या जमिनीतले पाणी शोषतात आणि ते पृष्ठभागावरून वाळून जाते. पोपडे सुटले की त्यावर सिमेंटचा गिलावा आणि वॉटरप्रूफ रंग चढवला जातो. पाण्याची वाट बुजते, ओल आणखी वर सरकते, गिलाव्यामागे क्षार साचून फुगतात आणि तोच लोणा (भिंतीवर फुटणारा खार) फूटभर वर पुन्हा फुटतो.

ओल कुठली, हे आधी ठरवावे. फूटभर अॅल्युमिनियम फॉइल भिंतीवर चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून दोन दिवस ठेवावी. खोलीकडच्या बाजूला थेंब आले तर दोष हवेतल्या वाफेचा. खिडकी किंवा एक्झॉस्ट पंखा पुरतो. फॉइलच्या मागे आले तर पाणी भिंतीतच आहे. जमिनीतून चढणारी ओल सहसा मीटरभरावर थांबते. डाग छताजवळ असेल तर कौले, पन्हळ, पाइप तपासावेत.

बाहेरची जमीन भर पडून जोत्यावर चढलेली असते. ती आतल्या फरशीपेक्षा निदान १५० मिमी खाली आणावी (पाया उघडा न पाडता) आणि भिंतीपासून दूर मीटरला २०-२५ मिमी उतार द्यावा. काम कुदळ-फावड्याचे, पण याइतका फायदा दुसऱ्या कशात नाही. मग ओलीच्या रेषेच्या ३०० मिमी वरपर्यंत सिमेंट खरवडावे, दरजा (दगडविटांमधले सांधे) मोकळ्या कराव्यात आणि भिंत वाळू द्यावी. २५ मिमी जाडीला एक महिना, हा ठोकताळा. म्हणून जाड भिंतीची घाई करू नये. नवा गिलावा एक भाग चुना, तीन भाग वाळू. थर १० मिमीपेक्षा जाड नको, प्रत्येक थर काही दिवस दमट ठेवावा. झटकन वाळला तर भुगा होतो. लवकर घट्ट व्हावे म्हणून त्यात कोणी सिमेंट मिसळू लागला तर थांबवावे.

गिलाव्याआधीच वायरिंग उरकावे. तिथे काटकसर नको: दिव्यांना १.५, प्लगला २.५, गिझरला ४ चौरस मिमीची तांब्याची तार, अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच).

तुळयांची भिंतीत शिरलेली टोके स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहावीत. कूज तिथूनच सुरू होते. टोक मऊ लागले तर आधी टेकू, मग अभियंता. अशा गोष्टी गिलावा उतरल्यावरच कळतात, म्हणून अंदाजपत्रकातले १५ ते २० टक्के तोवर राखून ठेवावेत आणि फरशीची ऑर्डर त्यानंतरच द्यावी.

बांधकाम क्षेत्रातील एक वाचक